अर्धी खूण

चिंचणी, ९ नोव्हेंबर

चारुता,

आजवर तुला लिहिताना नावाआधी ‘चि.’ आणि नावानंतर आशीर्वाद घातल्याशिवाय माझं पत्र सुरू झालं नाही. आज ते दोन्ही लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव. मी पाठवलेल्या मेसेजपुढे एकच खूण राहते, दुसरी उमटत नाही. त्याचा अर्थ मला हेमालीनं सांगितला. सून आहे, जपून सांगितला, पण सांगितला. म्हणून हे नागपूरला स्पीड पोस्टानं पाठवतोय. फार तर फाडशील.

काल नवापूरला तुझ्या आईबाबांकडे जाऊन आलो. प्रताप तसाच आहे. उजवी बाजू हलत नाही, तोंडातून शब्द नाही, नाकात नळी. नजर मात्र आहे तशीच, समोरच्याला धरून ठेवणारी. मी दारात उभा राहिलो आणि त्याचा डावा हात वर गेला. डोक्याच्या वर सरळ, आणि मग पायऱ्या उतराव्यात तसा थांबत थांबत खाली. तू हॉस्पिटलात बघितलंस तेच. तुझा दादूकाका लगेच उठून माळ्याला शिडी लावायला लागला. नलूवहिनी म्हणाल्या, “दादू, नको रे आता. माळा रिकामा झालाय.”

खरंच रिकामा झालाय. तुझ्या आजोबांचं जुनं जाळं, त्याची बुचं, तुझी शाळेतली ढाल, फुटका टेबलफॅन, सगळं खाली ओटीवर मांडून ठेवलंय. एकेक वस्तू त्याच्यासमोर धरतात. ही का? ही का? काळा सूट धरला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले म्हणे.

बोईसरच्या हॉस्पिटलात तू मला बाहेरच्या बाकावर बसवून विचारलंस, “काका, बाबा काय मागतायत? तुमच्या लॉजचं काही असेल तर आत्ता सांगा.” मी म्हणालो, लॉजचा काय संबंध. तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंस आणि उठून गेलीस. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

लॉज म्हटलं की तुझ्या घरात कायम भांडण. तुझी आजी गेली तरी तिचा आवाज माझ्या कानातून गेला नाही. मी प्रतापला फ्रीमेसनांच्या, म्हणजे आमच्या त्या गुप्त बंधुमंडळाच्या, लॉजमध्ये नेलं आणि महिन्यातून एका शनिवारी तो काळा सूट घालून पालघरला यायला लागला. सगळ्या नवापुरात बोभाटा झाला की प्रताप सूट घालून लॉजवर जातो. आपल्याकडे लॉज म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तुझ्या आजीनं मला निरोप धाडून बोलावलं आणि ओटीवर सगळ्यांदेखत विचारलं, “घरात बायको काय वाईट हाय का, म्हून पोराला लॉजवर नेतंस?” मी शपथेवर सांगितलं, मावशी, या लॉजमध्ये एकसुद्धा खाट नाही. म्हातारीनं लगेच पुढचं विचारलं, “मंग तिथं करता काय?” आणि ते काही मला सांगता येईना. वहिनी आतून सगळं ऐकत होत्या. पुढे कित्येक दिवस त्यांनी मला चहा विचारला नाही.

मागच्या रविवारी लॉजची मंडळी येऊन गेली, हे कळलंच असेल. फळांची मोठी करंडी, वर लाल रिबीन. ज्याच्या नाकात नळी आहे त्याच्यासाठी सफरचंदं. करंडी कुणी निवडली ते विचारू नकोस, मीच निवडली. मंडळींना बघून प्रतापनं हात वर केला. पुन्हा केला. आमचे सध्याचे मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख, ब्रदर अनुज मोबाइल काढून बघू लागले. दुसरे एकजण खिडकीतून बाहेर वाळत घातलेले बोंबील बघू लागले. मी करंडीची रिबीन सोडवत बसलो. गाठ फार पक्की होती.

असो. त्याला काय हवंय ते मला खरंच माहीत नाही, एवढं सांगायला हे पत्र.

शैलेशकाका

चिंचणी, २१ नोव्हेंबर

चारुता,

काल वहिनी स्वतःहून माझ्याशी बोलल्या. एरवी मला बघितलं की त्यांना चुलीपाशी काम निघतं, म्हणून आधी बरं वाटलं.

“भावजी, मला समजलं आता. ते काय मागत नाय. वर दाखवतात. त्यांना वर जायचं हाय.”

दादू मान खाली घालून पायाच्या नखाशी खेळत होता. त्यालाही तेच वाटतंय. बोटीवर एवढी वर्षं काढलेला माणूस, पण भावाकडे बघवत नाही त्याला. म्हणाला, “सगला माला धुंडला. मंग वर दुसरं काय हाय?”

भाविकाला त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलंय. ती व्यायाम द्यायला बोईसरहून यायची, चमच्यानं गिळायला शिकवायची, चांगली मुलगी आहे. वहिनी म्हणतात, ज्याला जायचंय त्याला रोज असं वाकवून पिळून काय मिळवायचं. आणि नाकातली नळी आपोआप निघाली तर पुन्हा घालायची नाही, असं ठरलंय. तू फोनवर म्हणालीस, “बाबांचीच तशी इच्छा असेल तर मी आड येणार नाही.” हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी स्थिर होता. मलाच बसायला खुर्ची शोधावी लागली.

मी म्हणालो, वहिनी, थांबा जरा.

“का थांबू? तुमाला काय म्हाईत हाय?”

डॉक्टरांचं मत घ्या, असं काहीतरी पुटपुटलो. डॉक्टरांचं मत त्यांनी माझ्याआधीच घेतलंय. व्यायाम चालू ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत तोंडानं गिळायला लागेल, बोलणं कितपत येईल सांगता येत नाही, असं ते म्हणालेत. गिळायला लागेल, चारुता.

तुला एक सांगतो. लॉजमध्ये आल्यावर प्रतापला लांबलचक इंग्रजी पाठ करायला लागायचं. आमचं सगळं तोंडपाठच चालतं. तो मराठी शाळेतला, कंपनीत बॉयलरवर. घरात म्हटलं तर कोणीतरी ऐकणार, म्हणून पहाटे समुद्रावर जाऊन ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला म्हणायचा. लोकांना वाटलं देवाचं काही करतोय. एका बाईनं तर येऊन पायाला हात लावला. हे त्यानं मला पास्थळच्या नाक्यावर चहा पिताना सांगितलं आणि आम्ही दोघं चहा सांडेपर्यंत हसलो. इतक्या निष्ठेनं मी लॉजमधलं काहीच केलेलं नाही. मी त्याला आणलं, पण खरा मेसन तोच होता. मी सूट बरा शिवून घ्यायचो.

मला एवढंच म्हणायचंय की हात वर केला म्हणजे वरच जायचं असतं, असं नाही. घाई करू नका. का ते विचारू नकोस.

शैलेशकाका

चिंचणी, २८ नोव्हेंबर, सकाळ

चारुता,

मागची दोन्ही पत्रं फाडली असशील तर बरं. ठेवली असशील तर पहिल्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. त्याला काय हवंय ते मला खरंच माहीत नाही, असं मी लिहिलं. ते वाक्य मी फार हुशारीनं लिहिलं होतं. त्याला काय हवंय ते माहीत नव्हतं. तो काय म्हणतोय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

ती आमची खूण आहे. संकटात सापडलेल्या मेसननं दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि थांबत थांबत खाली आणायचे. मला मदत करा, एवढाच तिचा अर्थ. ज्या ब्रदरला ती दिसेल त्यानं हातातलं काम टाकून धावायचं, अशी शपथ आहे. आणि ही खूण बाहेरच्या कुणालाही सांगायची नाही, ही दुसरी शपथ. दोन्ही मी एकाच दिवशी, एकाच पुस्तकावर हात ठेवून घेतल्या. पाळली ती दुसरी. तिला काही करावं लागत नाही, नुसतं गप्प बसावं लागतं.

तुझे बाबा जायचं म्हणत नाहीत. ते मदत मागतायत. वाचा गेली, उजवा हात गेला, आणि उरलेल्या हातानं ते त्यांना येणारी एकच भाषा बोलतायत. ती भाषा कळणारा माणूस समोर बसून करंडीची गाठ सोडवत होता.

त्या दिवशी परतताना गाडीत तो विषय पालघर आल्यावर निघाला. मग ब्रदर अनुज म्हणाले, “शैलेशजी, ती पूर्ण खूण नव्हती. दोन हात लागतात. एक हात म्हणजे झटक्यामुळे होणारी हालचाल असू शकते.” मागच्या सीटवरून कोणीतरी लगेच हो म्हणालं. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. ज्याचा एक हातच मेलाय त्याची खूण अपुरी भरली, आणि आम्ही सगळे सुटलो.

हे तुझ्या आजीला कळलं असतं तर तिनं मला ओटीवर पाय ठेवू दिला नसता.

परवा मी पुन्हा अनुजकडे गेलो. बोईसरला त्यांच्या कारखान्यातल्या ऑफिसात. सांगितलं की घरचे नळी पुन्हा न घालायच्या गोष्टी करतायत, निदान वहिनींना अर्थ सांगायची परवानगी द्या. माणूस वाईट नाही. मासवणच्या डोळ्यांच्या शिबिरात दिवसभर उन्हात उभा राहून म्हाताऱ्यांना हात धरून आत नेणारा माणूस आहे. पण म्हणाला, “भावनेच्या भरात निर्णय नको. आपण गुप्तपणे काही मदत पाठवू. आणि जानेवारीचं लक्षात आहे ना?”

जानेवारीचं माझ्या लक्षात आहे. हे मी तुझ्यापासूनच काय, स्वतःपासूनही लपवत होतो. जानेवारीत मास्टरच्या खुर्चीवर मी बसणार होतो. दोनदा माझा नंबर हुकलाय, दोन्ही वेळा माझ्या इंग्रजीवरून. या खेपेला सगळं ठरलंय. मास्टरच्या गळ्यात असतो तो पट्टा, म्हणजे कॉलर, नवा शिवायला टाकलाय. तुझे बाबा हात वर करत होते तेव्हा मी शपथेचा विचार करत होतो असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. मी खुर्चीचा विचार करत होतो.

आत काय आहे हे लोकांनी मला आयुष्यभर विचारलं, आणि मी गूढ हसून विषय बदलत आलो. ते हसू मला फार आवडायचं. आत विशेष काहीच नाही, चारुता. चांगलं वागा, एकमेकांना सांभाळा, एवढंच आहे. आणि तेवढंही आमच्याकडून झालं नाही. शनिवारी एकमेकांना ब्रदर म्हणून जेवलो, कुणाच्या मुलाला नोकरी लावली, कुणाची ऑर्डर पास करून दिली, आणि त्यालाच

हिराचा फोन आला होता, तुमच्या शेजारची. काल संध्याकाळी नळी निघाली. परत घातलेली नाही. वहिनी चमच्यानं पाणी देतायत आणि त्याला ठसका लागतोय.

हे पत्र पोचायची वाट बघता येणार नाही. तुला हेमालीच्या फोनवरून लावतो. उचल.

नवापूर, १८ जानेवारी

चारुता,

तू डिसेंबरात येऊन गेलीस. तू होतीस तेवढे दिवस मी नवापूरला फिरकलो नाही, ते तुला भिऊनच. त्या सकाळचं तुला वहिनींनी सांगितलंय. फोनवर मी जे काही बोललो ते बोलण्यासारखं नव्हतं, नुसता रडत होतो. म्हणून एकदा नीट लिहितो.

मी पोचलो तेव्हा ओटीवर बायका जमल्या होत्या. जाळं आणि ढाल बाजूला सारून सतरंजी टाकलेली. मी सतरंजीला वळसा घालून आत गेलो. आत तो होता. ओठ कोरडे, श्वासाला घरघर. मला बघितलं आणि हात वर उचलला, पण या वेळी तो डोक्यापर्यंत पोचेना. मी जाऊन तो हात अर्ध्यातच धरला. खाली पडू दिला नाही. आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, “वहिनी, ही आमच्या लॉजची खूण आहे. मदत करा म्हणतोय तो. पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय. मला माहीत होतं.”

मी प्रतापला विचारलं, “तुला जायचंय का?” त्यानं डोकं हलवलं. एकदा नाही, हलवतच राहिला. दादू भिंतीला टेकून खाली बसला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे. काहीतरी समजून घ्यायचंय आणि समजत नाहीये, तशा.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “मदत करा, एवढंच व्हतं त्यात? भावजी, हे सांगायचं नाय अशी शपथ घालतात तुमाला?”

मी हो म्हणालो.

“मंग आमी त्यांना मारत व्हतो,” त्या म्हणाल्या, आणि लगेच हिराकडे वळून म्हणाल्या, “रिक्षा बोलव.” मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण त्यांना तेवढा वेळ नव्हता.

हॉस्पिटलात पुन्हा नळी घातली. छातीत पाणी गेलं होतं, ते निवळायला आठवड्याच्या वर गेला. भाविका परत येते. ती म्हणाली, मधले दिवस गेले नसते तर आपण आणखी पुढे असतो. तिनं सहज म्हटलं, तिला काही माहीत नाही. आता तो दोन चमचे पातळ पेज तोंडानं घेतो. परवा चिकूचा गर घेतला. माझ्याच वाडीतला चिकू, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

लॉजला मी राजीनामा दिला. त्यांनी आधी खुलासा मागवला होता, पण खुलासा करण्यासारखं काय होतं? खुर्चीवर दुसरे ब्रदर बसले. शिंप्यानं कॉलर घरी पोचवला, तो कपाटात आहे. फेकवत नाही, हे तुला सांगून टाकतो. एवढ्या वर्षांचं एका दिवसात सुटत नाही.

आणि आमची ती खूण. वहिनींनी ती हिराला सांगितली, हिरानं शेजारी, आणि आता सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. काल समोरच बघितलं. माशांनी भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येईना तशी एका बाईनं लांबूनच दोन्ही हात वर केले आणि टप्प्याटप्प्यानं खाली आणले. दुसरी हसत धावत आली आणि पाटीला हात लावला. प्रताप खिडकीतून बघत होता. त्याच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. मी त्याच्याकडे बघितलं, तोही माझ्याकडे बघेल म्हणून. पास्थळच्या नाक्यावर बघायचा तसा.

त्यानं बघितलं नाही. त्या सकाळनंतर त्यानं माझ्याकडे बघून एकदाही हात वर केलेला नाही. मी रोज येतो. पाणी लागलं, कूस बदलायची झाली, तरी तो थांबतो. हे पत्र मी त्याच्या उशाशी बसून लिहितोय. आत्ता त्याला ठसका लागला. मी पेला उचलला. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे दाराकडे बघत राहिला, आणि वहिनी दारात आल्या तसा त्याचा हात वर गेला.

मी उठून त्यांना जागा दिली.

शैलेश